हातावर पक्षी बसतात अशा छोट्या पार्कात जायचंय: वेळ, कपडे, दमा, फोटो?

खारघर_सेक्टर१२

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूरहून बहीण, तिचा साडेपाच वर्षांचा मुलगा आणि आई आमच्याकडे येतायत. भाच्याला पोपट हातावर घ्यायचाय, आईला फुलं बघायची आहेत. जाळीखाली मोकळे पक्षी आणि बाजूला फुलझाडं असतात, तसं एखादं छोटं पार्क बघतोय. कोणतं ते अजून ठरलेलं नाही. मॉलमध्ये नको, मोकळ्या हवेतलं हवं.

आई ६८ वर्षांची आहे. गुडघे दुखतात आणि दमा आहे, पंप घेते. तिला जाळीच्या आत न्यावं का? किती वाजता जावं? काय घालावं, काय घालू नये? घरून काही खाऊ नेला तर चालतो का? आणि दिवसाचे अजून दोन-तीन तास उरले तर ठाणे-नवी मुंबईत याच धर्तीचं आणखी काय दाखवता येईल? जाणकारांनी नीट सांगावं.

राघू_नेरूळ

आधी वेळ, कारण बाकी सगळं वेळेवर अवलंबून आहे. पक्षी हातावर येतो तो भुकेपोटी. पार्क उघडल्यावरच्या पहिल्या दीड तासात पक्षी भुकेले आणि चळवळे असतात. पेला पुढे केला की येतात. शनिवार-रविवारी दुपारी बारापर्यंत शंभर जणांनी पाजलेलं असतं, पोटं भरलेली असतात आणि पक्षी सावलीत मान पिसांत खुपसून बसलेले असतात. त्या वेळी गेलेली मंडळी 'पक्षी येतच नाहीत' म्हणत परततात. तेव्हा शक्यतो आठवड्यातला मधला दिवस धरा आणि दार उघडतानाच पोहोचा. ते जमलं नाही तर साडेतीननंतर जा. नाताळच्या सुट्टीत मधल्या दिवशीही गर्दी असतेच, म्हणून सकाळ सोडू नका.

अशा ठिकाणी हातावर येणारे पक्षी बहुतेक तीन प्रकारचे असतात. पहिले लोरी आणि लोरिकीट. हे फुलांतला मकरंद आणि पराग खाणारे. त्यांच्या जिभेच्या टोकाला ब्रशसारखे बारीक तंतू असतात, त्यामुळे त्यांना छोट्या पेल्यातून पातळ गोड खाद्य देतात. दुसरे सन कन्यूर, पिवळे-नारिंगी आणि कर्कश. त्यांना सूर्यफुलाच्या बिया किंवा फळाची फोड. तिसरा मकाव, लांब शेपटीचा मोठा पोपट, तो बहुतेक ठिकाणी फक्त फोटोपुरता आणि सांभाळणाऱ्याच्या देखरेखीत.

पेला चिमटीत तळाशी धरायचा, छातीच्या उंचीवर, चेहऱ्यापासून हातभर लांब. कोपर पोटाला टेकवा आणि मूठ कोपरापेक्षा चार बोटं वर ठेवा. हे महत्त्वाचं आहे. पोपटवर्गीय पक्षी उंच जागेकडे चढत जातात. कोपर वर आणि मूठ खाली असेल तर पक्षी चालत चालत खांद्यावर पोहोचतो, आणि तिथे कानातलं असतं.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो चोचीवरून. हातावर चढण्यापूर्वी पोपट आधी चोचीनं हात चाचपतो. चोच हा त्याचा तिसरा पाय आहे, आधार पक्का आहे का ते तो बघतो. माणसाला वाटतं चावतोय, माणूस हात झटकतो, पक्षी तोल जाऊन फडफडतो. पुढच्या माणसाचा हात मग तो घट्ट पकडतो, कारण मागचा हात हललेला असतो. भाच्याला घरीच सांगून ठेवा: चोच लागली तरी हात दगडासारखा ठेवायचा. दोन दिवस आधी घरी त्याच्या मनगटावर लाकडी चमचा टेकवून सराव करून घेतला तरी फरक पडतो.

कपडे: जुने, सुती, पूर्ण बाह्यांचे. लोरीचं खाणं पातळ, त्यामुळे विष्ठाही पातळ, आणि ती पिचकारीसारखी लांब जाते. पक्षी उडण्याच्या बेतात असताना बहुधा टाकतो. लटकणारे गोंडे, मणी, चमकणारी बटणं तोडायला त्यांना फार आवडतं. मंगळसूत्र कपड्याच्या आत, झुमके आणि रिंगा काढून पर्समध्ये. चष्म्याला दोरी असली तर बरं. आणि गजरा अजिबात नको. लोरीला तो खाऊच वाटतो, केसांत घुसून ओढतो, आणि बाजारच्या फुलांवर फवारलेलं औषध त्याच्या पोटात जातं.

हाताला मच्छर पळवणारं मलम, सनस्क्रीन, अत्तर लावलेलं नको. आत जाण्यापूर्वी सॅनिटायझर लावा, बाहेर आल्यावर पुन्हा लावा.

घरचा खाऊ मुळीच नको. चिवडा, वेफर्स, खारे शेंगदाणे यांतलं मीठ एवढ्याशा जिवाला फार होतं. चॉकलेट आणि अॅव्होकॅडो पक्ष्यांना विषारी आहेत. भाच्याच्या खिशात बिस्किटाचा चुरा राहिला असेल तर तोही बाहेरच झटकून टाका.

दोन_दारं

एक गोष्ट राहिली. जाळीला दोन दारं असतात, मध्ये छोटी खोली. बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. चूक नेहमी एकाच तऱ्हेनं होते: पुढचा माणूस मागच्या घरच्यांसाठी दार धरून ठेवतो आणि मागचा माणूस मागे राहिलेल्या आजींसाठी दुसरं दार धरतो. दोन्ही उघडी राहतात आणि कन्यूर बाहेर. बाहेर गेलेल्या त्या पक्ष्याला खाणं शोधता येत नाही आणि कावळे-घारी त्याला तासभरही टिकू देत नाहीत. तुम्ही चौघं एकदम मधल्या खोलीत या, दार लावा, डोक्यावर-खांद्यावर कोणी बसलेलं नाही ना ते बघा, मग पुढचं उघडा. बाहेर पडताना हे जास्त सांभाळायचं, कारण तेव्हा पक्षी टोपीवर बसून येतो आणि ज्याच्या डोक्यावर तो आहे त्याला कळतही नाही.

पिसांची_पूड

वर सॅनिटायझरबद्दल जे लिहिलंय त्यात एक दुरुस्ती. आत जाण्यापूर्वी साबण आणि पाणी, मग हात पूर्ण कोरडे. अल्कोहोलचा ओला हात पक्ष्याच्या चोचीला आणि पायाला लागू नये. सॅनिटायझर बाहेर आल्यावर, तेही साबणानं हात धुणं शक्य नसेल तरच. वाळलेली विष्ठा हाताला असताना नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

आता आईंबद्दल. दम्याच्या माणसाला सगळे पक्षी सारखे नसतात. कॉकाटील, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे या पोपटांच्या अंगावर खास पूड देणारी पिसं असतात. ती पिसं झिजून पांढरी भुकटी होते आणि पक्ष्यानं अंग झटकलं की हवेत पसरते. लोरी, कन्यूर, मकाव यांत ही भुकटी फार कमी. आधी फोन करून विचारा, जाळीत कॉकाटील किती आहेत आणि जाळी उघड्यावर आहे की बंद खोलीत. बंद, एसीच्या खोलीत कॉकाटील असतील तर आईंना आत नेऊ नका. उघड्यावरची जाळी असेल, वारा खेळत असेल आणि दमा सध्या आटोक्यात असेल, तर एन-९५ मास्क लावून दहा मिनिटं जायला हरकत नाही. डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं. पंप पर्समध्ये नको, हाताशी हवा. ज्या वेळी झाडलोट चालू असेल त्या वेळी मात्र आत पाऊलही टाकू नका. वाळलेल्या विष्ठेची धूळ तेव्हाच उडते.

त्या धुळीतून सिटॅकोसिस नावाचा जिवाणूचा आजार माणसाला होऊ शकतो. तो क्वचित होतो, पण ओळखला जात नाही कारण लक्षणं साध्या तापासारखी असतात. भेटीनंतर साधारण ५ ते १४ दिवसांत ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला सुरू झाला तर डॉक्टरांना 'पोपटांजवळ गेलो होतो' एवढं वाक्य जरूर सांगा. ते कळलं की औषध कोणतं द्यायचं हे ठरतं. गरोदर बाईनं आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनी जाळीबाहेरूनच बघावं.

खारघर_सेक्टर१२

फार उपयोगी माहिती, धन्यवाद. आईला फुलांकडेच जास्त वेळ बसवतो. आणखी दोन गोष्टी. साडेपाच वर्षांच्या मुलाच्या हातावर कोणता पक्षी द्यावा? चावलाच तर काय करायचं, रेबीजचं इंजेक्शन लागतं का? आणि पार्क चांगलं आहे की नाही हे तिकीट काढण्यापूर्वी कसं ओळखायचं?

राघू_नेरूळ

सॅनिटायझरची दुरुस्ती मान्य, माझं चुकलं.

मुलासाठी वजन बघा. सन कन्यूर शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, रेनबो लोरिकीटही त्याच आसपास. हे चालतील. निळा-पिवळा मकाव एक किलोच्या आसपास असतो आणि नखं जाड. मुलाचा हात दोन मिनिटांत खाली येतो, हात खाली आला की पक्षी खांद्याकडे चढतो. त्याला मकाव द्यायचा हट्ट करू नका. मोठ्या माणसाच्या हातावर बसलेला मकाव त्यानं शेजारी उभं राहून बघावा.

पहिल्या वेळी मुलाच्या हाताखाली तुमचा हात ठेवा. पेला तुम्ही धरा, पक्षी तुमच्या हातावर आला की मुलाचं मनगट हळूच पुढे सरकवा. मूल ओरडलं तर पक्षी उडतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पळत्या मुलाच्या पायाखाली जमिनीवरचा पक्षी येणं हा खरा धोका. सांडलेलं खायला बरेच पक्षी खाली उतरतात. आत असेपर्यंत मुलानं पाय घासत, सावकाश चालायचं.

चावण्याआधी पक्षी सांगतो. डोळ्याची बाहुली झपाझप लहान-मोठी होते, मानेवरची पिसं उभी राहतात, शेपूट पंख्यासारखी पसरते. हे दिसलं की पेला खाली घ्या आणि हात जवळच्या फांदीला लावा, तो उतरून जाईल. दोन लोरी एकाच पेल्यावर भांडू लागले तरी हेच करा, मधे बोट घालू नका. आणि एक पाय पोटाशी घेऊन, फुगून बसलेला पक्षी झोपेत आहे, त्याला पेला लावू नका.

चावलाच तर झटकायचं नाही, ओढायचं नाही. ओढलं की जखम मोठी होते. हात सावकाश खाली न्यावा, तोल सांभाळायला तो चोच सोडतो. मग वाहत्या पाण्याखाली साबणानं पाच मिनिटं धुवा. रक्त आलं असेल तर जंतुनाशक लावा, जखम खोल असेल तर डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. रेबीज सस्तन प्राण्यांमुळे होतो, पोपटाच्या चाव्यानं होत नाही.

हरियाल

पार्क कसं ओळखायचं ते मी सांगतो.

फोनवर विचारायचे प्रश्न: तिकिटात खाद्याचा पेला धरलाय की वेगळे पैसे, हातावर पक्षी घेऊन फोटोचे वेगळे पैसे आहेत का, एका वेळी जाळीत किती माणसं सोडतात, आत सांभाळणारा माणूस असतो का, हात धुवायला साबण-पाणी आहे का, आणि आईंसाठी वाटेत पायऱ्या किती. शेवटच्या प्रश्नाला 'थोड्याशा' असं उत्तर आलं तर आकडा विचारा.

पोहोचल्यावर बाहेरून पाच मिनिटं बघा. पिण्याच्या पाण्यात विष्ठा तरंगतेय का, पेल्यांना आंबूस वास येतोय का. आपल्या दमट हवेत गोड खाद्य काही तासांत आंबतं, चांगल्या ठिकाणी ते दिवसातून दोन-तीनदा बदलतात. छातीवरची पिसं उपटलेला आणि डोक्यावरची शाबूत असलेला पक्षी दिसला तर तो स्वतःच पिसं उपटतोय. डोक्यापर्यंत त्याची चोच पोहोचत नाही, म्हणून डोकं तेवढं शाबूत राहतं. एखादाच असेल तर जुनं दुखणं असू शकतं, चार-पाच असतील तर तिथं पक्ष्यांना ताण आहे. फोटोसाठी एकच मकाव सतत एका हातावरून दुसऱ्या हातावर जातोय आणि त्याला विश्रांतीची दांडीच नाही, हेही वाईट लक्षण.

कायद्याचं एक लक्षात ठेवा. लोरी, कन्यूर, मकाव हे परदेशी पक्षी. वन्यजीव संरक्षण कायद्यातली १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेली दुरुस्ती या जातींना लागते, आणि बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पार्कला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आपला देशी हिरवा पोपट, डोंगरी मैना, मुनिया, घुबड मात्र असं बाळगताच येत नाहीत. कोणी देशी पोपट हातावर देऊन फोटोचे पैसे मागत असेल तर फोटो काढू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. लोक पैसे देतात म्हणूनच पुढचं पिल्लू ढोलीतून काढलं जातं.

जास्वंद_ऐरोली

आईंच्या फुलांसाठी. फुलांनाही वेळ असते आणि सुदैवानं तीही सकाळचीच. दिवसा फुलणारी कुमुदं सकाळी उमलतात आणि दुपार कलायला लागली की मिटतात. चिनी गुलाब, ज्याला ऑफिस टाइम म्हणतात, तो ऊन चढल्यावर नऊ-दहाला उघडतो आणि ढग असतील तर उघडतच नाही. जास्वंद दिवसभर असते पण सकाळी टवटवीत. म्हणजे क्रम असा लावा: आधी पक्षी, मग दुपार कलण्याआधी फुलं. आईंना पाण्याजवळच्या बाकावर बसवा आणि जास्वंद-हेलिकोनियाकडे बघायला सांगा. तिथे शिंजीर (सनबर्ड) येतात, जाळीतले नव्हेत, खरे मोकळे, अंगठ्याएवढे. बसून बघणाऱ्यालाच ते दिसतात, चालणाऱ्याला नाही. ऑर्किडच्या पाकळ्या बोटानं दाबून बघायची अनेकांना सवय असते. दाबलेला भाग दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतो आणि महिनाभर टिकणारं फूल आठवड्यात जातं.

उरलेल्या वेळासाठी ठाण्यात घोडबंदर रोडवर ओवळा गावातली ओवळेकर वाडी सुचवीन. ही फुलपाखरांची बाग, पण जाळी नाही. फुलपाखरांना हवी ती झाडं लावलेली आहेत आणि ती आपणहून येतात. बघायला ती रविवारी सकाळी उघडी असते, निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा. ती आणि पक्ष्यांचं पार्क एकाच सकाळी बसवू नका. फुलपाखरं थंड रक्ताची, ऊन अंगावर घेतल्याशिवाय उडत नाहीत, त्यामुळे नऊ ते बारा हीच त्यांची वेळ, आणि तीच तुमची पक्षी-फुलांची वेळ. रविवार ओवळ्याला द्या, मधला दिवस पक्ष्यांना. पावसाळा संपल्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत फुलपाखरं सर्वांत जास्त, महिनाअखेरीला जरा कमी, पण ऊन पडलं की भाच्याला पुरतील एवढी असतात.

तिथे बघायची खरी गंमत पानं आहेत. कढीपत्ता आणि लिंबू यांवर कॉमन मॉरमॉनच्या अळ्या, रुईवर प्लेन टायगरच्या, पानफुटीच्या जाड पानात पोखरून राहणाऱ्या रेड पियरोच्या. कुरतडलेलं पान म्हणजे झाड आजारी आहे असं समजून तोडू नका, पानामागे बघा. कॉमन मॉरमॉनची छोटी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पक्ष्यानं खाऊ नये म्हणून. भाच्याला हे फार आवडेल. नशीब असेल तर ब्लू मॉरमॉनही दिसेल, मोठं, काळं-निळं. ते २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. जवळ जाताना सावली त्याच्यावर पडू देऊ नका, स्पर्शापेक्षा सावलीनंच ती जास्त उडतात. पंख चिमटीत धरू नका, बोटाला लागते ती रंगाची पूड म्हणजे पंखांवरचे खवले, ते पुन्हा येत नाहीत.

वाट मातीची आहे. आईंच्या पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. घोडबंदरची वाहतूक लक्षात घेऊन खारघरहून साडेसातला निघा.

जाळी_गायब

फोनवर फोटो काढणार असाल तर एवढंच. जाळीबाहेरून काढायचं असेल तर लेन्स जाळीच्या एका भोकाला जवळजवळ टेकवा आणि पक्षी जाळीपासून दोन-तीन फूट तरी लांब असू द्या. जाळी फोकसबाहेर जाऊन दिसेनाशी होते. जाळीवर ऊन पडलं असेल तर ती चकाकून धुरकट पट्टा येतो, तेवढ्या भागावर टोपीची सावली धरा. फ्लॅश बंद. मुलगा आणि पक्षी एकत्र हवे असतील तर सलग फोटोंचा मोड लावा आणि पेला पुढे करण्याआधीच सुरू करा, पक्षी उतरतो तो क्षण पाव सेकंदाचा असतो. गाडीतल्या एसीतून थेट दमट काचघरात फोन नेला तर लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका, कपड्याच्या खिशात दहा मिनिटं राहू द्या.

खारघर_सेक्टर१२

मधला दिवस पक्षी, रविवार ओवळा, ठरलं. बहीण विचारतेय, फ्लेमिंगो त्या आठवड्यात दिसतील का? आईला बोटीत चढणं जमेल का?

हरियाल

बहुधा दिसतील. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, ठाणे खाडीत हिवाळ्याच्या सुरुवातीपासून येत राहतात. डिसेंबरअखेरीला थवे जमत असतात, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत संख्या भरपूर. ऐरोलीला वन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट सुटते. बोटीची वेळ रोज बदलते कारण ती भरती-ओहोटीवर ठरते. पूर्ण ओहोटीला खाडीत बोटीपुरतं पाणी नसतं, पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी उठून दुसरीकडे जातात. मधल्या वेळेची फेरी मागा आणि आधी नोंदणी करा. बोटीत चढताना पाय उचलून पलीकडे टाकावा लागतो, गुडघ्यांना ते जड जाईल. आईंना केंद्रातलं प्रदर्शन बघून बसायला जागा आहे.

त्यापेक्षा सोपं म्हणजे नेरूळचं डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूलजवळचं) तळं, तुमच्यापासून जवळ. तिथे गणित उलटं: भरतीला खाडीतला चिखल बुडाला की पक्षी विसाव्याला तळ्याकडे येतात. त्या दिवसाची भरतीची वेळ बघून तासभर आधी पोहोचा. आईंना रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसता येईल. दुर्बीण ८ × ४२ (आठपट मोठं दाखवणारी) असली तर उत्तम, नसली तरी गुलाबी रंग डोळ्यांना दिसतो. काठाच्या फार जवळ जाऊ नका आणि भाच्याला टाळ्या वाजवू देऊ नका. थवा उठला की चिखल उघडेपर्यंत त्यांना टेकायला दुसरी जागा शोधावी लागते.